औषधाचे दुकान

गेल्या वर्षी आमच्या सौभाग्यवतींचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. ती घेऊन आम्ही वाईच्या बाजारात गेलो. पहिले मेडिकल दिसले, तेथेच शिरलो. गल्ल्यावर एक पोरगा होता. त्याने चिठ्ठी पाहिली न पाहिली, गोळ्या काढून दिल्या. पावती मागितली, तर म्हणाला, "पावती कशाला, गुरुजी? पाच रुपये कमी द्या."

आम्ही पाच रुपये वाचवून घरी आलो.

चौथ्या दिवशी सौभाग्यवतींना अंथरुणातून उठवेना. डोळ्यांपुढे अंधारी येई. तसेच त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी व चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही नावांत एका अक्षराचा फरक होता! औषध भलतेच होते. आम्ही जन्मभर मुलांना अक्षरे शिकवली, पण ते एक अक्षर काही वाचले नाही.

मग डॉक्टरांनी आम्हांला दुकान कसे पाहावे ते सांगितले. औषधाच्या दुकानाला सरकारी परवाना लागतो. तो भिंतीवर, गिऱ्हाइकाला दिसेल असा लावावा लागतो. त्यावर दुकानाचे नाव असते, फार्मासिस्टचेही नाव असते. फार्मासिस्ट म्हणजे औषधांचे शिक्षण घेऊन सरकारी नोंदवहीत नाव नोंदवलेला माणूस. चिठ्ठीवरचे औषध त्याने स्वतः द्यावे, नाहीतर त्याच्या देखरेखीखाली दिले जावे, असा कायदा आहे. त्याच्या अंगात पांढरा कोट असावा आणि कोटावर नावाचा व नोंदणी नंबराचा बिल्ला असावा, असा २०१५ सालचा नियम आहे. कोट कोणीही घालील हो! म्हणून बिल्ल्यावरचे नाव भिंतीवरच्या नावाशी ताडून पाहावे. परवाना इंग्रजीत असला, तर "फार्मासिस्ट कोण?" असे सरळ विचारावे. विचारायला लाजू नये.

आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो. तेथे एक बाई फार्मासिस्ट होत्या. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "आजींना आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत का?" असे विचारले. गोळी केव्हा घ्यायची ते पाकिटावर मराठीत लिहिले. औषध कोणत्या महिन्यापर्यंत चांगले, ते पट्टीवर बोट ठेवून दाखवले. न मागता पावती दिली.

पहिल्या दुकानाची तक्रार करावी म्हणून आम्ही साताऱ्याला अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत गेलो. साहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "गुरुजी, पावती आहे का?"

आम्ही खिसा चाचपला. खिशात पावती कोठून असणार?