आधी परतीची वेळ ठरवा

अलिबागला पाहुणे आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत कधी जाता येईल? मी जाण्याची वेळ सांगण्याआधी परतण्याची सांगतो.

एका माघी चतुर्थीला किल्ल्यातल्या गणपतीचं दर्शन घेऊन मी नऊच्या सुमारास परतत होतो. समोरून एक कुटुंब येत होतं. दोन लहान मुलं, सोबत आजी. ‘तासाभरात मागे फिरा,’ मी म्हटलं. ‘काका, ओहोटीच नऊची आहे, आता कसली भीती?’ मुलांचे वडील हसले. बारानंतर किनाऱ्यावर गलका ऐकून गेलो, तर ही मंडळी पाण्यात. वाळूचा पट्टा नाहीसा झालेला, मुलं खांद्यावर, आजी कमरेइतक्या पाण्यात डगमगतेय. दोघा कोळ्यांनी धावत जाऊन त्यांना किल्ल्याकडे वळवलं. नंतर सगळे होडीने आले.

कोष्टकातली ओहोटीची वेळ म्हणजे पाणी सर्वांत खाली असण्याची वेळ. त्यानंतर ते चढायलाच लागतं आणि साधारण सव्वासहा तासांत भरती पूर्ण होते. हा चढ मात्र सारखा नसतो. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्या तासात तीन-तीन भाग पाणी वाढतं. पहिला तास माणसाला गाफील ठेवतो, तिसरा अडकवतो.

कोष्टक हाताशी नसेल तर आमच्याकडचा जुना हिशोब करा : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला पूर्ण भरती तीनला, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा अंदाज आहे. मुलंबाळं सोबत असतील तर छापील कोष्टकच पाहा.

वेळेइतकीच पाण्याची उंचीही पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, उधाण येतं. भरती मोठी, तशी ओहोटीही खोल. तेव्हा वाट चांगली उघडते, पण ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास असते; संध्याकाळी गेलात तर परतताना अंधार आणि चढतं पाणी एकदमच गाठतात. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही मंद. ओहोटी भर दुपारी, सोयीची वाटते, पण पाणी पुरतं उतरत नाही आणि वाटेत ओलांडावं लागतं.

म्हणून ओहोटीच्या दीड-दोन तास आधी, पाणी उतरत असतानाच निघा आणि ओहोटीच्या वेळेला परतीची वाट धरा. उशीर झालाच तर पाण्यात उतरू नका. किल्ला भरतीतही कोरडा राहतो. तिथेच थांबून होडीची किंवा पुढच्या ओहोटीची वाट पाहा.