वरून लावलेलं आतही जातं

“डॉक्टर, मी पोटात काहीच घेत नाही, क्रीम तर नुसतं वरून लावते.” हे वाक्य शिरूरच्या दवाखान्यात इतक्यांदा ऐकलंय, की आज त्यावरच लिहितो.

गेल्या लग्नसराईत दौंडकडची एक मुलगी आली. सकाळी डोळे सुजायचे, संध्याकाळी पायात पैंजण रुतायचं, लघवीला साबणासारखा फेस. मेडिकलमधून सूज उतरायच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या आणि मोबाइलवर पाहून ‘किडनी साफ करणारा’ काढाही! लघवीतून भरमसाट प्रोटीन जात होतं. औषधं कोणती चालू आहेत विचारलं, तर एकही नाही म्हणाली. क्रीमचा विषय तिच्या आईने काढला. पार्लरमधून आणलेली डबी. तिच्यावर ना कंपनीचा पत्ता, ना परवाना क्रमांक. रक्त तपासायला पाठवलं, पारा वाढलेला निघाला.

पंधरा दिवसांत गोरं करणाऱ्या क्रीममध्ये बरेचदा पारा असतो, नाहीतर स्टेरॉइड. पारा त्वचेत रंगच तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीवर थांबत नाही. रक्तात उतरतो, मूत्रपिंडात साठतो. अकोल्यात 2022 मध्ये एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशीच बिघडली. त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा असल्याचं मुंबईच्या केईएम रुग्णालयाने शोधून काढलं.

कायदा आहे. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये दहा लाख भागांत 1 भागापेक्षा जास्त पारा चालत नाही, तोही नकळत आलेला. परदेशी मालावर नोंदणी क्रमांक लागतो. ज्या डबीवर कुणाचं नावच नाही, ती हा कायदा पाळणार कशी? ‘हर्बल’ लिहिलंय म्हणून तर मुळीच भुलू नका.

घाबरू नका. वेळीच क्रीम थांबवलं तर बहुतेकांची मूत्रपिंडं सावरतात. त्या मुलीचं प्रोटीन चार महिन्यांत उतरलं. मात्र लघवीला फेस, अंगावर सूज, हाताला कंप, अचानक वाढलेलं बीपी यातलं काही दिसलं तर काढे उकळत बसू नका. लघवी तपासून घ्या. डबी फेकू नका, पिशवीत घालून सोबत आणा. आणि त्याच टॉवेलला तोंड पुसणारी, तुमच्या गालाला गाल लावून झोपणारी लहान मुलं घरात असतील, तर त्यांनाही घेऊन या.