घटक ६ : कळफलकावरून मजकूर-संपादन – ‘विम’ संपादकातील मूलभूत आज्ञा

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
• कळफलकाधारित मजकूर-संपादकातील ‘अवस्था’ ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• मजकूर लिहिणे, खोडणे, पूर्ववत करणे व जतन करणे यांच्या मूलभूत आज्ञा वापरता येतील.
• या आज्ञांची रचना भाषेच्या वाक्यरचनेशी ताडून पाहता येईल.
• देवनागरी मजकुरावर काम करताना घ्यावयाची दक्षता सांगता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बोलींच्या शब्दसंकलनाची पद्धती पाहिली. गोळा केलेली सामग्री जतन कशी करावयाची, तीत दुरुस्ती कशी करावयाची, हा त्यापुढचा प्रश्न आहे. मराठीच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या आज्ञा कशासाठी शिकावयाच्या, अशी शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरील पैठणपर्यंत जाऊ. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये पूर्ण झाली. पुढील जवळजवळ तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात अनेक पाठभेद शिरले. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, त्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी त्यात स्वतःची भर घालू नये, असा इशाराही दिला. संपादन म्हणजे मजकूर बदलण्याची शक्ती, आणि ती शक्ती जपून वापरण्याची जबाबदारी. साधन बोरू असो वा कळफलक, ही जबाबदारी तीच राहते.

या घटकात ‘विम’ या संपादकाची निवड केली आहे. तो विनामूल्य उपलब्ध आहे, जुन्या संगणकावरही चालतो आणि साधा मजकूर साध्याच स्वरूपात जतन करतो. कळांची नावे येथे उच्चारानुसार दिली आहेत. ‘डी डी’ असे लिहिले असेल तेथे ‘डी’ ही कळ लागोपाठ दोनदा दाबावी.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ थोडी पूर्वपीठिका

१९७६ मध्ये बिल जॉय यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील परिसरात ‘व्ही-आय’ हा संपादक तयार केला. त्या काळी माऊस सर्वसामान्य वापरात नव्हता. जॉय यांच्यासमोरील ‘एडीएम-३ए’ या यंत्राच्या कळफलकावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. ‘एच’, ‘जे’, ‘के’, ‘एल’ या कळांवरच बाण छापलेले होते. त्यामुळे आजही या संपादकात ‘एच’ने डावीकडे, ‘जे’ने खाली, ‘के’ने वर आणि ‘एल’ने उजवीकडे जाता येते. पुढे नेदरलँड्सचे ब्रॅम मोलेनार यांनी याच धर्तीवर ‘विम’ घडवला आणि १९९१ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. योगायोग असा की, युनिकोडची पहिली आवृत्ती आणि भारतीय लिप्यांसाठीचे ‘इस्की’ हे मानक ही दोन्ही त्याच वर्षाची आहेत.

६.२.२ अवस्था : एक कळ, अनेक अर्थ

नवशिक्या माणसाची पहिली अडचण अशी की, विम उघडून तो लिहू लागतो आणि पडद्यावर भलतेच घडते. याचे कारण समजून घ्या. मराठीत ‘कर’ हा शब्द उच्चारला, तर त्याचा अर्थ हात, शासनाला द्यावयाची रक्कम, की ‘करणे’ या क्रियापदाचा आज्ञार्थ, हे संदर्भावरून ठरते. विममध्ये कळेचा अर्थ अवस्थेवरून ठरतो.

(अ) सामान्य अवस्था : संपादक उघडताच आपण या अवस्थेत असतो. येथे कळ म्हणजे आज्ञा.
(आ) लेखन अवस्था : ‘आय’ दाबल्यावर ही अवस्था सुरू होते. येथे कळ म्हणजे अक्षर. ‘आय’ने कर्सरच्या आधी, ‘ए’ने कर्सरनंतर, तर ‘ओ’ने खाली नवी ओळ घेऊन लिहिता येते.
(इ) दृश्य अवस्था : ‘व्ही’ दाबल्यावर मजकूर निवडता येतो.
(ई) आदेश-ओळ अवस्था : सामान्य अवस्थेत कोलन दाबल्यावर पडद्याच्या तळाशी आदेश लिहिता येतो.

कोठेही असलात, तरी ‘एस्केप’ ही कळ आपल्याला सामान्य अवस्थेत परत आणते. गोंधळ झाला की प्रथम ‘एस्केप’ दाबावे, हा नियम पक्का करा.

बाहेर पडण्याच्या आज्ञाही आरंभीच शिकाव्यात. कोलन, ‘डब्ल्यू’ आणि एंटर : जतन करा. कोलन, ‘क्यू’ आणि एंटर : बाहेर पडा. कोलन, ‘डब्ल्यू क्यू’ आणि एंटर : जतन करून बाहेर पडा. कोलन, ‘क्यू’, उद्गारचिन्ह आणि एंटर : केलेले बदल सोडून देऊन बाहेर पडा.

६.२.३ आज्ञांचे व्याकरण

विमच्या आज्ञा सुट्या पाठ करू नयेत. त्यांना व्याकरण आहे.

क्रियापदे : ‘डी’ – काढून टाकणे, ‘सी’ – काढून त्या जागी नवे लिहिणे, ‘वाय’ – नक्कल घेणे.
कर्मे : ‘डब्ल्यू’ – पुढील शब्दाच्या आरंभापर्यंत, ‘बी’ – मागील शब्दाच्या आरंभापर्यंत, डॉलर चिन्ह – ओळीच्या अखेरीपर्यंत, शून्य – ओळीच्या आरंभापर्यंत, ‘आय डब्ल्यू’ – कर्सर ज्या शब्दात आहे तो संपूर्ण शब्द, ‘आय पी’ – संपूर्ण परिच्छेद.

आता वाक्य बनवा. ‘डी डब्ल्यू’ म्हणजे कर्सरपासून पुढील शब्दापर्यंतचा मजकूर काढ. ‘डी ३ डब्ल्यू’ म्हणजे तीन शब्द काढ. ‘सी आय डब्ल्यू’ म्हणजे हा शब्द बदल. क्रियापद दोनदा उच्चारले, तर कर्म संपूर्ण ओळ असते : ‘डी डी’ने ओळ निघते, ‘वाय वाय’ने ओळीची नक्कल मिळते. काढलेला किंवा नक्कल घेतलेला मजकूर ‘पी’ने दुसरीकडे ठेवता येतो. तीन क्रियापदे आणि सहा कर्मे शिकलात, की अठरा आज्ञा आपोआप हाती येतात. मर्यादित घटकांपासून अनेक वाक्ये घडवणे, हे भाषेचेच लक्षण नव्हे काय?

येथे एक भेद लक्षात घ्यावा. मराठीत आपण ‘तीन शब्द काढ’ असे म्हणतो. क्रियापद शेवटी येते. विममध्ये ‘काढ – तीन – शब्द’ असा क्रम आहे. क्रियापद आधी येते. इंग्रजीच्या आज्ञार्थी वाक्याचा क्रम हाच आहे. मराठी भाषकाला आरंभी ही रचना उलटी वाटल्यास नवल नाही. अशा वेळी दृश्य अवस्था उपयोगी पडते. ‘व्ही’ दाबा, ‘आय डब्ल्यू’ने शब्द निवडा, मग ‘डी’ दाबा. आधी कर्म, मग क्रियापद; म्हणजे मराठीचा क्रम. काय निघणार आहे ते आधी दिसत असल्याने चूकही कमी होते.

६.२.४ पूर्ववत करणे, शोधणे आणि बदलणे

‘यू’ ही कळ शेवटचा बदल मागे घेते. ‘कंट्रोल’ व ‘आर’ एकत्र दाबल्यास मागे घेतलेला बदल पुन्हा लागू होतो. तिरकी रेघ देऊन शब्द लिहिला व एंटर दाबले, की तो शब्द शोधला जातो. ‘एन’ने त्याची पुढील जागा मिळते.

शोधताना मराठीचे रूपविज्ञान विसरू नये. ‘पाणी’ शोधले, तर ‘पाण्यात’, ‘पाण्याला’ ही रूपे सापडणार नाहीत, कारण प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. म्हणून ‘पाणी’ आणि ‘पाण्या’ असे दोन्ही शोध घ्यावेत.

संपूर्ण फाइलमध्ये शब्द बदलण्याचा आदेश असा : कोलन, टक्के चिन्ह, ‘एस’, तिरकी रेघ, जुना शब्द, तिरकी रेघ, नवा शब्द, तिरकी रेघ, ‘जी’, ‘सी’ आणि एंटर. टक्के चिन्ह म्हणजे संपूर्ण फाइल, ‘जी’ म्हणजे ओळीतील प्रत्येक ठिकाणी आणि ‘सी’ म्हणजे प्रत्येक वेळी मला विचारून. ‘वाय’ दाबल्यास तो बदल होतो, ‘एन’ दाबल्यास ती जागा तशीच राहते. हा शेवटचा ‘सी’ कधीही वगळू नका. असे का म्हणतो, ते सांगतो.

पीएच.डी.साठी मी मराठवाड्यातील बोलींचे शब्द संकलित करत होतो. त्या वेळी सामग्री रोमन लिप्यंतरात ठेवावी लागे : ‘ण’साठी मोठे ‘एन’, ‘न’साठी लहान. कोण ‘पाणी’ म्हणते आणि कोण ‘पानी’, हाच माझ्या अभ्यासाचा एक विषय होता. एका नोंदीतील माझी चूक सुधारण्यासाठी मी संपूर्ण फाइलवर बदलाचा आदेश दिला. शेवटी ‘सी’ लावला नाही. शोधताना लहान-मोठ्या अक्षरांतील भेद दुर्लक्षित करण्याची सोय मीच पूर्वी चालू करून ठेवली होती, तिचे स्मरण राहिले नाही. क्षणार्धात सर्व भाषकांचे ते रूप एकसारखे झाले. फाइल जतन केली, बंद केली आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी लक्षात आले, तेव्हा ‘यू’ दाबून काही उपयोग नव्हता; त्या काळी संपादक बंद केला की मागे जाण्याची वाट संपत असे.

बहुतेक नोंदी वहीवरून पुन्हा जुळवता आल्या. एका वृद्ध बाईंच्या नोंदी मात्र मी थेट संगणकावर घेतल्या होत्या. पुन्हा विचारावे म्हणून त्यांच्या गावी गेलो, तेव्हा त्या हयात नव्हत्या. माझ्या प्रबंधातील त्या तक्त्यात त्यांच्या नावापुढील रकाना आजही कोरा आहे. त्या ‘पाणी’ म्हणत की ‘पानी’, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

म्हणून तीन सवयी लावून घ्या : मोठा बदल करण्यापूर्वी फाइलची वेगळी प्रत ठेवणे, बदलाच्या आदेशात ‘सी’ लावणे, आणि जतन करण्यापूर्वी दहा-वीस नोंदी डोळ्यांखालून घालणे.

६.२.५ देवनागरी मजकुराबाबत दक्षता

(अ) आज्ञा देताना कळफलक इंग्रजीवर असावा. इन्स्क्रिप्ट मांडणीत ‘डी’ या कळेवर हलन्ताचे चिन्ह, ‘यू’वर ‘ह’ आणि ‘आय’वर ‘ग’ असतो. कळफलक मराठीवर राहिला, तर संपादकाला आज्ञा ओळखता येत नाही. लेखन अवस्थेतून बाहेर पडताना कळफलक बदलण्याची सवय लावावी.

(आ) आपल्याला एक दिसणारे अक्षर संगणकाच्या लेखी अनेक चिन्हांचे असू शकते. ‘कि’मध्ये दोन चिन्हे आहेत, तर ‘क्ष’मध्ये तीन : क, हलन्त आणि ष. म्हणून देवनागरीत एकेक अक्षर खोडण्याऐवजी ‘सी आय डब्ल्यू’ने संपूर्ण शब्द नव्याने लिहिणे अधिक सुरक्षित ठरते.

(इ) ‘दुसऱ्या’मधील अर्धा र दोन वेगवेगळ्या चिन्हक्रमांनी लिहिला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. शोधात मात्र एकाने दुसरा सापडत नाही. शंका आल्यास चिन्हावर कर्सर ठेवून ‘जी ए’ दाबा; त्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक दिसेल.

(ई) वाक्यागणिक पुढे जाण्यासाठी उजवा कंस ही आज्ञा आहे. ती पूर्णविराम, प्रश्नचिन्ह व उद्गारचिन्ह ओळखते, दंड ओळखत नाही. त्यामुळे आधुनिक मराठी गद्यात ती उपयोगी पडते, दंडांकित जुन्या पोथ्यांच्या मजकुरात पडत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(१) लेखन अवस्थेतून सामान्य अवस्थेत येण्यासाठी कोणती कळ दाबावी?
(२) ‘सी २ डब्ल्यू’ या आज्ञेचा अर्थ मराठी वाक्यात सांगा.
(३) ‘घोडा’ हा शब्द शोधताना आणखी कोणते रूप शोधावे? का?
(४) बदलाच्या आदेशाच्या शेवटी ‘सी’ का लावावा?

६.३ सारांश

विम हा अवस्थांवर आधारलेला संपादक आहे. त्यात कळेचा अर्थ अवस्थेवरून ठरतो. त्याच्या आज्ञा क्रियापद, संख्या व कर्म यांच्या संयोगातून बनतात. दृश्य अवस्थेत मात्र कर्म आधी व क्रियापद नंतर येते. देवनागरी मजकूर हाताळताना कळफलकाची निवड, जोडाक्षरांची घडण आणि शब्दांची सामान्यरूपे यांचे भान ठेवावे लागते. व्यापक बदल करण्यापूर्वी प्रत ठेवणे, हे संपादकाचे पहिले कर्तव्य आहे.

६.४ पारिभाषिक शब्द

अवस्था : कळेचा अर्थ ठरवणारी संपादकाची स्थिती.
कर्सर : पडद्यावरील चालू स्थान दाखवणारी खूण.
सामान्यरूप : प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी शब्दाच्या रूपात होणारा बदल.
पाठभेद : एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रतींतील शब्दांचा किंवा ओळींचा फरक.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नाचे उत्तर

(१) एस्केप. (२) कर्सरपासून दोन शब्द काढून त्या जागी नवे लिही. (३) ‘घोड्या’; विभक्तिप्रत्यय लागताना ‘घोडा’चे सामान्यरूप ‘घोड्या’ असे होते. (४) प्रत्येक बदलापूर्वी संपादकाने विचारावे आणि अनपेक्षित बदल टळावा म्हणून.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) विमच्या आज्ञांची रचना आणि मराठी आज्ञार्थी वाक्याची रचना यांची तुलना करा.
(२) ‘संपादन ही शक्ती आहे आणि जबाबदारीही’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.

६.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा गावातील वयोवृद्ध व्यक्तीकडून रोजच्या वापरातील पन्नास शब्द ऐका. ते त्यांच्या उच्चाराप्रमाणे आधी वहीत उतरवा, मग विममध्ये प्रत्येक ओळीत एक याप्रमाणे लिहा. फाइलच्या दोन प्रती ठेवा. विमच्या आज्ञांचा सराव हवा असल्यास संगणकाच्या आदेश-खिडकीत ‘विमट्यूटर’ असे रोमन लिपीत लिहा. साधारण अर्ध्या तासाचा पाठ उघडेल. संगणक नसेल, तर आपल्या अभ्यास केंद्रावरील संगणकावर हे काम करावे. वही मात्र जपून ठेवावी.