हिरवा पाळणा

जनकपुरी, नवी दिल्ली
19 नोव्हेंबर 2024

चि. मनूस,


काल रात्री नागपूरहून कुमुदचा फोन आला. "मनू किती हौशी गं, पाळणासुद्धा स्वतः घासतेय," असं कौतुकानं म्हणाली आणि तुझ्या स्टेटसवरचा फोटो तिनं मला पाठवला. मी तो मोठा करून पाहिला. अमर कॉलनीतून आणलेला जुना पाळणा, शेजारी फरशीवर मांडी घालून बसलेली तू, हातात पॉलिश पेपर. मांडीवर, पोटावर, गाऊनच्या बाहीवर हिरवी पूड. नाकाला साधा रुमाल नाही. मागच्या खिडक्या घट्ट बंद.

त्यानंतर मला झोप लागली नाही. "पाळण्याला हात लावू नकोस" एवढा निरोप मी तेव्हाच टाकला आणि तू उत्तरादाखल अंगठा पाठवलास. तेवढ्यानं माझं समाधान होत नाही. फोनवर मी चिडते, मग तू "हो आत्या, हो आत्या" म्हणून विषय संपवतेस. म्हणून बसून लिहिते आहे. सोहम उद्या ऑफिसला जाताना पत्र तुमच्या सोसायटीच्या गेटवर देईल.

आधी कामाचं. पाळणा जिथे आहे तिथेच राहू दे. तू त्या खोलीतून बाहेर ये आणि दार लावून घे. आल्यावर अभिषेकला मास्क लावून आत जायला सांग. त्यानं पाळणा जुन्या चादरीत किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घराबाहेर न्यायचा. फरशीला झाडू लावायचा नाही, कोरडी पूड झाडूनं उडते आणि घरभर बसते. ओल्या फडक्यानं पुसायची, दोनदा-तीनदा, आणि फडकी फेकून द्यायची. तुझा तो गाऊन झटकायचा नाही, बाकीच्या कपड्यांत न मिसळता वेगळा धुवायचा. तुमच्या कामवालीला यातलं काही करायला सांगू नकोस. तिच्याही घरी लहान मूल आहे.

आता कारण. मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. जुन्या ऑइलपेंटमधला चकचकीत हिरवा बऱ्याचदा क्रोम यलो आणि निळा मिसळून करत. क्रोम यलो म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचं संयुग. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला कायद्यानं लगाम बसला तो 2016 च्या नियमांनी, आणि ते लागू झाले 1 नोव्हेंबर 2017 पासून. दहा लाख भागांत 90 भाग, याहून जास्त शिसं आता चालत नाही. पण तुझा पाळणा त्याच्या कितीतरी आधीचा दिसतो. त्यात शिसं असेलच असं मी म्हणत नाही. नुसतं बघून ते कुणालाच सांगता येत नाही, आणि माझी काळजी तीच आहे. रंग लाकडावर घट्ट बसलेला असतो तोवर तो निदान जागेवर असतो. घासला की त्याची पूड होते, पूड नाकात जाते, बोटांना लागते, बोटं तोंडाला लागतात. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडात साठवतं. नाळ त्याला अडवत नाही. बाळाच्या वाढत्या मेंदूला अमुक इतकं शिसं चालतं असा आकडा जगात कुणाला ठरवता आलेला नाही, आणि लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं. हे सगळं शिकलेल्या बाईची भाची ती पूड मांडीवर घेऊन बसली आहे!

रागावले. पण तू हिरवाच पाळणा का आणलास, हे मला कळत नाही असं समजू नकोस. साताऱ्याच्या वाड्यातला पाळणा हिरवा होता. माजघराच्या तुळईला कड्या होत्या, त्यांना साखळ्यांनी टांगलेला. वाटणी झाली तेव्हा तो कुणाच्याच यादीत नव्हता, आणि तुझे बाबा माझ्याकडे बघत असताना "जाऊ दे, कोण नेणार एवढं मोठं धूड दिल्लीला" असं मी म्हटलं. भंगारवाला घेऊन गेला. तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस आणि जिन्यात बसून होतीस. त्या दिवसाबद्दल तू मला कधी एक शब्द बोलली नाहीस.

दुसरी गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. तो पाळणा मुळात हिरवा नव्हताच. सागवानी होता, तेल पिऊन काळसर झालेला. 1992 च्या मे महिन्यात मी सुट्टीला झेलमनं पुण्यापर्यंत आणि तिथून एस.टी.नं साताऱ्याला गेले. वहिनी सांगलीला माहेरी होती, तू जूनमध्ये यायची होतीस. दादाच्या घरात पहिलं बाळ येणार, आणि पाळणा असा काळा? मी बाजारातून ऑइलपेंटचा डबा आणला, हिरवा, पोपटासारखा. आजी म्हणाली, "अगं, बाळ यायच्या आधी पाळण्याला हात लावू नये." मी ऐकलं नाही. एम.एस्सी. झाले होते, शिकवत होते, असल्या गोष्टी मानत नव्हते. दोन दिवस अंगणात बसून दोन हात दिले. कडेला पिवळी वेल काढली. सगळी गल्ली बघायला आली होती.

पुढच्या मेमध्ये गेले तेव्हा तू अकरा महिन्यांची होतीस. पाळण्याच्या कठड्याला धरून उभी राहायचीस. दात येत होते, म्हणून कड चावत बसायचीस. एकदा तुझ्या ओठावर हिरवा पोपडा चिकटलेला दिसला. आजीनं पदरानं पुसला, आम्ही सगळे हसलो. मीही हसले, मनू. आणि त्याच वर्षी वर्गात मुलांना शिकवत होते की शिशाच्या क्षाराच्या द्रावणात पोटॅशियम क्रोमेट टाकलं की पिवळा साका बसतो, हीच शिशाची खूण. परीक्षानळीत पिवळा रंग उतरला की मुलं टाळ्या वाजवायची. तोच पिवळा मी पाळण्याच्या कडेला वेल काढायला वापरला असेन, हे माझ्या मनात कधी आलं नाही.

कित्येक वर्षांनी शिशाच्या रंगांवरचा एक लेख वाचताना हात थांबले. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक आजारपणात, दहावीला गणितात मार्क कमी पडले तेव्हासुद्धा, मला तो पोपडा आठवायचा. तू हुशार आहेस, धडधाकट आहेस. त्या डब्यात काय होतं ते आता कधीच कळणार नाही. कुणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या काकांनाही नाही. आज तुला सांगते, कारण तुझा फोटो बघताना मला तो पाळणा तू घासते आहेस असं दिसलंच नाही. मी अंगणात बसले आहे असं दिसलं.

म्हणून पुन्हा सांगते, त्या पाळण्याला हात लावू नकोस. घासून झाला असला तरी नाही, वरून नवा रंग देऊनही नाही. दात आले की मूल नव्या रंगाखालचा जुना रंगही चावून काढतं. शिवाय त्याच्या दांड्यांतलं अंतर बघ. दोन दांड्यांमधून थंड पेयाचा डबा आरपार जात असेल तर त्यात बाळाचं अंग जाऊन डोकं अडकू शकतं. फोटोत तरी ते अंतर मला फार वाटलं.

घाबरून मात्र जाऊ नकोस. एक-दोन दुपारच्या घासण्यानं काही झालंच असेल असं नाही. पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट सांग, जुना रंग घासला म्हणून. रक्तातलं शिसं मोजता येतं, त्या म्हणतील तर करून घे. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस. शरीराला ते भरपूर मिळालं की शिसं आत शिरायला कमी वाव राहतो.

भिंतीचंही मी कुमुदकडून ऐकलं. वारली चित्रं काढायची आहेत, आधी पिवळ्या रंगाचा हात द्यायचा आहे, म्हणून स्टूल आणलंय. आठवा सरत आला, मनू. आणि महिना कोणता निवडलास! कालपासून प्रदूषणाच्या निर्बंधांचा, म्हणजे ग्रॅपचा, चौथा टप्पा लागलाय, हवेचा निर्देशांक 490 च्या वर गेला होता, शाळा बंद करून मुलांना घरी बसवलंय. रंग द्यायचा तर खिडक्या उघड्या हव्यात, आणि या धुरात खिडक्या उघडायच्या नाहीत. दिल्लीत बाळाच्या खोलीला रंग द्यायचा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, हवा मोकळी झाल्यावर. आता ती भिंत तशीच राहू दे. वारली चित्रं जिव्या सोमा मशे कागदावर आणि कापडावरही काढत, आणि जगभर गेली ती तीच. तू मांजरपाटाच्या तुकड्यावर पांढऱ्यानं काढ, टेबलाशी बसून, पाठीला उशी घेऊन. अभिषेक ते पडद्याच्या दांडीवर अडकवेल. बाळाच्या अंथरुणाच्या डोक्याशी नको, समोरच्या भिंतीवर.

बाळाला सुरुवातीला वीत-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं. पिवळी भिंत त्याच्या काही कामाची नाही. काळं-पांढरं, गडद लाल असलं काही त्याला लवकर दिसतं, आणि माणसाचा चेहरा. म्हणून मी चिमणाळं करायला घेतलंय. माझ्या जुन्या सुती साड्यांचे काठ आहेत, त्यांचे सात पक्षी. आत कापूस, डोळे दोऱ्यानं भरलेले. मणी नाहीत, टिकल्या नाहीत, गोटा नाही. तू बाजारातून आणलेलं ते गाणं म्हणणारं खेळणं मात्र परत कर. त्यातली नाण्याएवढी बटणबॅटरी मुलानं गिळली तर दोन तासांत अन्ननलिका जाळते. आणि चिमणाळंसुद्धा कायमचं नाही. बाळ हातांवर रेटून छाती उचलायला लागलं की काढून ठेवायचं. दोऱ्या गळ्यात येतात.

अंथरूण साधं, घट्ट, सपाट. लोड, मऊ उशा, कडेनं लावायच्या गाद्या, यातलं काही नको. कितीही गोड दिसलं तरी नको. कडेच्या या गाद्यांत मुलं गुदमरली म्हणून अमेरिकेनं 2022 मध्ये त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली. बाळाला पाठीवर झोपवायचं. अभिषेकच्या मावशीनं कपाटातून काढून पाठवलेल्या झबल्यांना डांबरगोळ्यांचा वास येतोय असं तू म्हणाली होतीस, ती बाळाला घालू नकोस. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना या गोळ्यांच्या वासानं रक्त फुटून जबर कावीळ होऊ शकते. आपल्या बाळाचं तसं असेल की नाही, हे आधी कुठे माहीत?

आजीच्या त्या "हात लावू नये"चा मी आता पुष्कळ विचार करते. अपशकुन मी आजही मानत नाही. पण तिच्या पिढीत किती बाळं जायची. रिकाम्या पाळण्याकडे बघत बसणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये म्हणून बायकांनी तो नियम केला असेल. आणि त्या नियमानं पोटुशी बाई स्टुलावर चढायची नाही, रंगाच्या डब्याशी बसायची नाही. सगळं दुसऱ्यांनी करायचं, तिनं बसून सांगायचं. बाळंतविडा आत्या-मावशांनी आणायचा, तो याचसाठी.

हे लिहिताना मला कळलं की पाळणा तू एकटी का घासत होतीस. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सांगलीला माहेरपण झालं नाही. "मी करेन माझं माझं" असं तू दिवाळीत म्हणालीस आणि मी ते खरं मानलं. आपल्यात चाळीस किलोमीटरचं अंतर नाही, तरी तू बोलावशील म्हणून मी थांबून राहिले. आत्यानं बोलावण्याची वाट बघायची नसते. ते माझं चुकलं.

रविवारी मी येते. जनकपुरी वेस्टहून ब्लू लाइननं नोएडा सेक्टर 52, तिथून 51 पर्यंत चालत, मग ॲक्वा लाइननं 76. सोहम सोडतो म्हणाला, पण मला मेट्रोच बरी. येताना आजीच्या हातची गोधडी आणते. तिच्या दोन नऊवारींची आहे, निळी आणि मधे तांबड्या पट्टीची. कडुनिंब आणि वेखंडात ठेवली होती, डांबरगोळी कधी लावली नाही. दोनदा धुतली, या आठवड्यात मिळेल तेवढ्या उन्हात गच्चीवर घातली. ती बाळाच्या अंगावर नको, तू दुपारी पडशील तेव्हा तुझ्या पायांवर. धावदोऱ्याला एका कोपऱ्यात गाठ आहे. तू तीन वर्षांची असताना तिच्या हातून सुई घेऊन दोन टाके घातले होतेस, ते तिनं उसवले नाहीत. तुला दाखवते.

तोवर त्या खोलीत जाऊ नकोस. अळिवाचे लाडू करून आणते, पण तुला गूळ जास्त लागतो की कमी, ते मी विसरले गं. आजच्या आज कळव.

तुझी,
आत्या