पहिली डाउनहिल सायकल : लाखभरात काय बसतं?

डाउनहिलच्या शर्यतींत दिसणाऱ्या सायकलीला पुढे-मागे सुमारे २०० मिमी दबणारं सस्पेन्शन असतं, वजन सोळा-सतरा किलो आणि किंमत आपल्याकडे साडेतीन-चार लाखांच्या पुढे. ती चढ चढण्यासाठी बनवलेलीच नसते. कॅनडातल्या व्हिसलरसारख्या बाइक पार्कात सायकल लिफ्टला टांगतात, वर जातात आणि फक्त उतरतात. सह्याद्रीत ती सोय नाही. इथे टेकडी पायांनी चढावी लागते, नाहीतर सायकल टेम्पोत टाकून माथ्यावर न्यावी लागते. त्यामुळे ज्यांना उतार शिकायचा आहे आणि खिशात लाखभर रुपये आहेत, त्यांनी खरी डाउनहिल सायकल शोधूच नये. त्यांच्या कामाची सायकल म्हणजे दणकट हार्डटेल : पुढे चांगला फोर्क, मागे सस्पेन्शन नाही.

कोणत्या पैशांत काय मिळतं?

आकडे ढोबळ आहेत. मॉडेल, शहर आणि सवलतीनुसार ते पुढे-मागे होतात.

*१० ते २० हजार :* दुकानात ‘एमटीबी’ म्हणून उभ्या असलेल्या बहुतेक सायकली या गटातल्या. लोखंडी फ्रेम, स्प्रिंगचा साधा शॉकअप, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक. कॉलेजला जायला उत्तम, उतारावर नको. यातला ‘डबल शॉकअप’ तर सर्वांत फसवा. मागे नुसती स्प्रिंग असते, तिची उसळी आवरणारं डॅम्पिंग नसतं. खड्ड्यात दबलेली सायकल तेवढ्याच जोराने उसळते आणि चालवणाऱ्याला हँडलवरून पुढे फेकू शकते. चढावर पेडलमधली ताकद तीच स्प्रिंग खाते.

*२५ ते ४५ हजार :* अॅल्युमिनियमची फ्रेम, १०० मिमीचा फोर्क, बऱ्याच मॉडेलवर हायड्रॉलिक ब्रेक. मुरमाच्या वाटा, टेकडीवरचे सौम्य उतार यांसाठी चालेल. उड्यांसाठी नाही.

*६० हजार ते १ लाख १० हजार :* १२० ते १४० मिमीचा एअर फोर्क, चाकातून आरपार जाणारा थ्रू-अॅक्सल, पेडलजवळ एकच दातेरी चकती आणि मागे दहा ते बारा गिअर. उतार शिकण्याची खरी सुरुवात इथे होते.

*दीड लाखाच्या पुढे :* कामाचं फुल सस्पेन्शन इथून सुरू होतं. पण मागच्या शॉकचीही ठरावीक तासांनी सर्व्हिस लागते, शिवाय सांध्यांची बेअरिंग बदलावी लागतात. हे काम नीट करणारी वर्कशॉप मोठ्या शहरांतही मोजकीच आहेत.

सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दुकानात जुना माल असेल तर बिलावर कर किती लावला आहे ते नक्की पाहा.

पैसे कुठे घालायचे?

*फोर्क.* एअर फोर्क शॉक-पंपाने तुमच्या वजनाप्रमाणे भरता येतो. नुसतं सायकलवर बसल्यावर तो जितका दबू शकतो त्याच्या वीस-पंचवीस टक्के दबला की हवा बरोबर समजायची. स्प्रिंगच्या स्वस्त फोर्कमध्ये पन्नास किलोचा मुलगा आणि नव्वद किलोचा माणूस दोघांना एकच स्प्रिंग. उसळी कमी-जास्त करणारी रिबाउंडची घुंडी आहे का, तेही पाहा. फ्रेमचा हेडट्यूब (ज्यात फोर्क बसतो ती नळी) टेपर्ड, म्हणजे खाली रुंद आणि वर निमुळता हवा. सरळ हेडट्यूबच्या फ्रेमवर पुढे चांगला फोर्क बसवायचा म्हटलं तर पर्याय फार कमी उरतात.

*ब्रेक.* हायड्रॉलिकच घ्या. लांब उतारावर एका बोटाने ब्रेक लागला पाहिजे, म्हणजे बाकीची बोटं हँडल धरायला मोकळी राहतात. पुढच्या ब्रेकची चकती १८० मिमीची असेल तर बरं. १६० मिमीची लवकर तापते. चकतीवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ अशी अक्षरं कोरलेली असतील तर तिच्यावर धातूमिश्रित पॅड चालत नाहीत, चकतीच झिजते. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. गॅरेजमध्ये कुणी मोटारसायकलचं डॉट ऑइल भरलं तर आतली सीलं खराब होतात. हे मेकॅनिकला आधीच सांगा.

*चाकं आणि टायर.* मागे सात गिअरचं स्क्रू होणारं फ्रीव्हील असेल तर अॅक्सल वाकण्याचा धोका असतो. कॅसेटचं हब मागा. टायर २.३ इंच किंवा त्याहून रुंद, ठळक नक्षीचे. आपल्याकडे बाभळीच्या काट्यांमुळे ट्यूबलेस लवकर वसूल होतं : आतलं सीलंट बारीक भोक जागच्या जागी बुजवतं. मात्र आपल्या उन्हाळ्यात ते वाळतं, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी टायर हलवून आत ते पातळ आहे ना याची खात्री करावी लागते.

*जिथे वाचवता येईल :* गिअरवर. बारा गिअरऐवजी दहा असले तर उतारावर काही बिघडत नाही. फक्त गिअर बदलणाऱ्या डिरेलरला क्लच असावा, म्हणजे खडबडीत वाटेवर चेन उडत नाही. बटणाने खाली जाणारी ड्रॉपर सीट सोयीची, पण पहिल्याच दिवशी लागत नाही. उतरण्याआधी थांबून सीट हाताने खाली करा; त्याला पैसे पडत नाहीत. रंग, कार्बनचं हँडल आणि सायकल पाव किलोने हलकी आहे हा दावा, यांसाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

माहितीपुस्तिका विकत घेण्याआधी वाचा

एएसटीएम एफ२०४३ या मानकानुसार अनेक कंपन्या सायकलींचे पाच गट करतात. गट तीन म्हणजे खडबडीत वाट आणि सुमारे ६१ सेंटीमीटरपर्यंतच्या उड्या. गट चार म्हणजे १२२ सेंटीमीटरपर्यंत. गट पाच खऱ्या डाउनहिलसाठी. मॉडेलचा गट फ्रेमवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. गट दोनची सायकल उडीत मोडली तर वॉरंटीचा दावा बहुधा तिथेच संपतो. ‘आजीवन वॉरंटी’ सहसा फक्त पहिल्या मालकाला आणि फक्त फ्रेमला असते. शर्यत आणि उड्या तिच्यातून वगळल्या आहेत का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

लाखाचा हिशेब

सायकलच्या किमतीवर सगळे पैसे उडवले की हेल्मेटला उरत नाहीत. एकूण एक लाख असतील तर वाटणी साधारण अशी करा :

- सायकल : ६६,००० रु.
- फुलफेस सायकल हेल्मेट : ९,००० रु.
- गुडघे व कोपरांचे पॅड : ४,५०० रु.
- हातमोजे व चष्मा : २,००० रु.
- पकड असलेले सपाट पेडल : २,५०० रु.
- टायर बदलून ट्यूबलेस करणं : ६,५०० रु.
- पंप, हत्यारं, जादा ट्यूब : २,५०० रु.
- पहिल्या वर्षाची देखभाल : ७,००० रु.

हेल्मेटवर एएसटीएम एफ१९५२ हे डाउनहिलचं मानक छापलेलं शोधा. ईएन १०७८ हे साध्या सायकल हेल्मेटचं मानक आहे. घरात पडलेलं मोटारसायकलचं आयएसआय हेल्मेट चालेल, असं अनेकांना वाटतं. ते जड असतं, त्यात हवा खेळत नाही आणि चढावर जीव घुसमटला की माणूस ते काढून हँडलला अडकवतो. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बदला, वरून तडा दिसो वा न दिसो.

देखभालीचा आकडा वाढवून लिहिलेला नाही. रॉकशॉक्स आपल्या फोर्कच्या खालच्या भागाची सर्व्हिस दर ५० तासांनी करायला सांगते. आठवड्याला चार तास चालवलीत तर हे तीन महिन्यांत भरतात. पावसाळ्यातल्या चिखलात ब्रेक पॅड बघता बघता झिजतात. आणि रिमचा आउट काढण्याचा खर्च दर काही महिन्यांनी ठरलेला.

जुनी घ्यायची असेल तर

साठ-सत्तर हजारांत लाखाची सायकल जुन्या बाजारात मिळू शकते, पण पाहणी दिवसाउजेडी आणि सायकल धुतलेली असताना करा.

- मूळ बिल मागा आणि त्यावरचा फ्रेम नंबर पेडलच्या दांड्याखाली कोरलेल्या नंबरशी जुळवा. बिल नसेल तर सौदा सोडा.
- हेडट्यूबजवळचे वेल्डिंगचे जोड नखाने तपासा. रंगाला केसासारखी रेघ दिसली तर ती चीर असू शकते.
- फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे नकोत. ते सील फाडतात.
- पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या सांध्यात टकटक जाणवली तर हेडसेट सैल आहे किंवा झिजला आहे.
- चेन मोजायची पट्टी लावायला सांगा. चेन ताणलेली असेल तर कॅसेटही बदलावी लागू शकते. तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

घेण्याआधी चालवा

फ्रेमचं माप उंचीप्रमाणे असतं आणि ते चुकलं तर सीट वर-खाली करून भागत नाही. दुकानाबाहेर दहा मिनिटं चालवू न देणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका. ऑनलाइन घेतलीत तर जोडणीसाठी हजार-दीड हजार वेगळे धरा. हँडल आणि ब्रेक घरी बसवण्याची ही सायकल नव्हे. पहिल्या महिन्यातली मोफत सर्व्हिस चुकवू नका. नव्या तारा त्याच काळात सैल पडतात.

चालवायची जागाही आधी ठरवा. टेकड्यांचा बराच भाग वनखात्याकडे असतो, राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय जाता येत नाही आणि किल्ल्यांच्या पायऱ्या सायकलींसाठी नाहीत. सकाळी चालायला येणाऱ्यांना वाट द्या. त्यांच्या तक्रारींवरूनच वाटा बंद होतात.

निर्णय थोडक्यात : लाखाच्या आत फुल सस्पेन्शनचा मोह टाळा, चांगल्या फोर्कची आणि हायड्रॉलिक ब्रेकची हार्डटेल घ्या, आणि दुकानात पहिलं बिल हेल्मेटचं करा.