भाकरीला डाळीची जोड का हवी?

ताईंनो, सिंदी मेघे असो की शेजारचं गाव, कितीतरी घरांत बाई सगळ्यांना वाढून शेवटी जेवायला बसते. तोवर गंजातलं घट्ट वरण संपलेलं असतं. मग भाकर, ठेचा आणि उरलेलं पातळ पाणी. पोट भरतं, पण अंगाला लागणारी एक गोष्ट ताटात येत नाही. तिचं नाव लायसिन.

लायसिन म्हणजे काय?

आपण खाल्लेली प्रथिनं पचताना त्यांचे बारीक घटक होतात. त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. आपलं शरीर प्रथिनं बांधायला असे २० घटक वापरतं. त्यातले ९ शरीराला बनवता येत नाहीत, ते अन्नातूनच यावे लागतात. लायसिन त्यातलंच एक. हाडं आणि कातडी यांना मजबुती देणारं कोलॅजन बांधायला ते लागतं. जखम भरायला, लेकराच्या वाढीला, पोटातल्या बाळालाही लागतं.

एक सही कमी पडली तर?

गटाच्या खात्यातून पैसे काढायला ठरलेल्या सह्या लागतात. एक सही नसली की पैसे असूनही हाती येत नाहीत. प्रथिनांचंही तसंच आहे. ज्वारी, गहू, तांदूळ यांत लायसिन कमी. ते कमी पडलं की बाकीचे घटक असूनही शरीराला त्यांचा पुरता उपयोग करता येत नाही. उरलेले जळण म्हणून वापरले जातात.

डाळीत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन नावाचा घटक कमी. तो धान्यात बरा असतो. म्हणून वरण-भात, चून-भाकर, खिचडी ही जोडी पक्की.

हिशेब करून पाहू

५० किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण दीड ग्रॅम लायसिन लागतं. दिवसभरात ३०० ग्रॅम नुसती ज्वारी खाल्ली, तर पाऊण ग्रॅमही मिळत नाही. त्याऐवजी २२५ ग्रॅम ज्वारी आणि ७५ ग्रॅम तुरीची डाळ घेतली, तर गरज भागते. म्हणजे तीन वाटे धान्य, एक वाटा डाळ. ७५ ग्रॅम म्हणजे साधारण दोन मुठी कच्ची डाळ. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईची गरज याहून जास्त.

आपल्या वावरातलं सोयाबीन

सोयाबीनमध्येही लायसिन भरपूर. १९३५ साली आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन खाऊन पाहण्याचा प्रयोग केला होता. आज ते आपल्या वावरात पिकतं आणि पोत्यांनी बाजारात जातं. थोडं घरी ठेवा. पण कच्चं खाऊ नका. रात्रभर भिजवून चांगलं शिजवा, नाहीतर प्रथिनं नीट पचत नाहीत.

एवढं करा

• वरण घट्ट करा. वाढण्याआधी स्वतःची वाटी काढून ठेवा.
• डाळ महाग वाटली तर बरबटी, मूग, हरभरा, चून आलटून पालटून करा.
• दूध, दही, अंडी यांतही लायसिन चांगलं असतं. जमेल तेव्हा घ्या.
• पीठ किंवा डाळ करपेपर्यंत भाजू नका, लायसिन कमी होतं.

पुढच्या बैठकीला येताना आठवडाभर एक टिपण ठेवा: आज माझ्या ताटात डाळ किती आली? बचतीचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो. आपल्या ताटाचाही ठेवू या.