पहिली ठेच वहीत लिहून ठेवा

“मुलगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉपसमोर असते. कसलंसं ओपन सोर्सचं काम आहे म्हणते. त्याचे पैसेही मिळत नाहीत. मग अभ्यास सोडून हे कशाला?” इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलांचे आईवडील असं विचारतात, तेव्हा त्यांची काळजी मला अगदी खरी वाटते. कर्ज काढून फी भरलेली असते. म्हणून याचं उत्तर नीट द्यायला हवं.

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, ते ओपन सोर्स. लिनक्स, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस ही त्यातली ओळखीची नावं. अशा प्रकल्पात हात घालायचा म्हटलं की बहुतेक मुलं एखादं नवं फीचर लिहायला धावतात आणि लाखो ओळींच्या कोडमध्ये हरवून जातात. माझा सल्ला वेगळा आहे. सुरुवात बिल्डपासून करा.

सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला कोड कॉम्प्युटर जसाच्या तसा चालवू शकत नाही. शेकडो फाइली कंपाइल कराव्या लागतात, बाहेरच्या लायब्ररी जोडाव्या लागतात, तेव्हा कुठे चालणारा प्रोग्रॅम तयार होतो. या सगळ्याला बिल्ड म्हणतात. आधी काय, नंतर काय, कशासाठी काय लागतं, हा सगळा क्रम बिल्डच्या फाइलींत लिहिलेला असतो. जुन्या मंडळींच्या मशीनवर हे सारं केव्हाच बसलेलं असतं, त्यामुळे त्यातल्या त्रुटी त्यांना दिसेनाशा होतात. उंबरठ्याला ठेच लागते ती पाहुण्याला, घरच्यांना नाही. नवखेपण ही इथे तुमची जमेची बाजू आहे, आणि ती पहिल्या काही दिवसांपुरतीच असते.

म्हणून रोज वापरात असलेला एखादा छोटा प्रकल्प निवडा. कोड उतरवून घ्या आणि सोबतच्या सूचना शब्दशः पाळत बिल्ड करून पाहा. तो पहिल्या फटक्यात झाला नाही, तर तिथेच तुमचं काम सुरू होतं. कोणती लायब्ररी सापडली नाही, एररचे शब्द काय होते, तुम्ही काय केल्यावर गाडी पुढे सरकली, हे तिथल्या तिथे वहीत लिहा. दोन दिवसांनी त्यातलं निम्मं आठवत नाही.

‘मिसिंग सेपरेटर’ ही एरर बऱ्याच जणांना भेटते. ती देतं मेक, म्हणजे बिल्डच्या फाइली वाचून ती कामं क्रमाने चालवणारं साधन. ते स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये तयार केलं. त्यात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, स्पेस दिल्या की हीच एरर येते. हा नियम अडचणीचा आहे हे फेल्डमन यांच्याही लवकरच लक्षात आलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, त्यांची कामं मोडू नयेत म्हणून नियम तसाच राहिला. तो आजही आहे. बिल्डमधली एखादी विचित्र गोष्ट दिसली की लगेच मूर्खपणा म्हणू नका, आधी तिचा इतिहास विचारा.

नवख्याला जमण्यासारखी आणखी एक दुरुस्ती सांगतो. नुसतं ‘मेक’ चालवलं की बिल्ड नीट होतो, पण एकाच वेळी आठ कामं करायला सांगितली की कधी होतो, कधी मोडतो. बहुतेक वेळा कारण हे असतं की एक फाइल दुसऱ्या फाइलीवर अवलंबून आहे, पण ते कुठे लिहिलेलंच नाही. एकामागून एक काम चालतं तेव्हा क्रम योगायोगाने जुळतो, एकदम चालतं तेव्हा चुकतो. दुरुस्ती कधी एका ओळीची असते, पण ती ओळ शोधताना सगळ्या प्रकल्पाची रचना डोक्यात बसते. वर्गात हे शिकायला क्वचितच मिळतं.

मात्र पहिल्याच आठवड्यात ‘सगळा बिल्ड नव्या साधनावर नेऊया’ असं सुचवू नका. पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसमध्ये मेसन हे नवं बिल्ड साधन आलं ते 2023 च्या सोळाव्या आवृत्तीत. ते काम मुरलेल्या लोकांनी केलं, आणि तरीही त्या आवृत्तीत जुनी पद्धत सोबत ठेवली.

बिल्डमधल्या बदलाकडे लोक बारकाईने पाहतात, त्यालाही कारण आहे. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या साधनात चोरवाट सापडली. दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास मिळवलेल्या, टोपणनावामागच्या कुणीतरी ती घातली होती, आणि ती आत आली बिल्डच्या स्क्रिप्टमधून. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला दूरच्या मशीनवर लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि त्यांनी मुळाशी जाऊन ती पकडली. तेव्हा तुमच्या पाच ओळींवर दहा प्रश्न आले तर तो अपमान समजू नका. बदल लहान ठेवा, कारण स्पष्ट लिहा, आधी किती वेळ लागत होता आणि आता किती लागतो ते मोजून सांगा. उत्तराला दोन आठवडे लागले तरी धीर धरा. पलीकडचा माणूस अनेकदा नोकरी सांभाळून हे करत असतो.

पालकहो, यातून नोकरीची हमी मिळत नाही, तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मिळतो तो पुरावा. मुलीने काय बदललं, कुणी काय विचारलं, तिने कसं उत्तर दिलं, हे सगळं तिच्या नावावर उघड नोंदलेलं राहतं आणि मुलाखत घेणारा ते स्वतः वाचू शकतो. महागडा लॅपटॉप लागत नाही, लहान प्रकल्पाला जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं तरी पुरतं. लिनक्सचे धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतूनही मोफत आहेत. अठरा वर्षं पूर्ण झाली असतील तर गुगल समर ऑफ कोड या ओपन सोर्स कार्यक्रमासाठी अर्ज करता येतो. निवड झाली तर मानधनही मिळतं, आणि 2022 पासून त्यासाठी विद्यार्थी असण्याची अटही उरलेली नाही. परीक्षेच्या महिन्यात हे काम बाजूला ठेवायला जरूर सांगा. एरवी आज रात्री ती लॅपटॉपसमोर दिसली, तर शेजारी बसा आणि विचारा, “बिल्ड कुठे अडलाय?”